पाच माणसांचे टायर

दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्याचं तोंड बघतो आणि मग खिसा. भटू यातलं काहीच बघत नाही. तो सरळ खाली वाकतो आणि गाडीच्या टायरच्या बाजूला उठवलेला आकडा वाचतो. आकडा पसंत पडला तर वर बघून ‘या शेठ’ म्हणतो. नाही पडला तर तेवढंही म्हणत नाही, उलट आपलाच काहीतरी अपमान झाल्यासारखं तोंड करून उभा राहतो.

पलसाण्याच्या रस्त्यावर, जिथे डाइंगच्या मिलांना कोरं कापड पोचवणाऱ्या टेम्पोंची रांग लागते, तिथे त्याचं टायरचं दुकान आहे. साक्री तालुक्यातून सोळाव्या वर्षी तो सुरतेला आला तो लूमवर. बारा वर्षं त्या खडखडाटात उभं राहून डावा कान घालवला, मग पंक्चर काढायला लागला, मग टायर विकायला. घर गोडादऱ्यात, दोन खोल्यांचं. घरात बायको रंजना आणि नववीतली शीतल. माणूस सरळ, कष्टाळू, देवभोळा. फक्त एका बाबतीत त्याला भयंकर गर्व, तो म्हणजे आकड्याच्या.

आता हा आकडा काय, ते तो कुणालाही सांगतो. ऐकायचं नसलं तरी सांगतो. टायरवर साइज लिहिलेली असते, तिच्या पुढे एक छोटा नंबर असतो. तो वजनाचा. अठ्ठ्याण्णव असला तर तो एक टायर साडेसातशे किलो पेलणार. एकशे सहा असला तर साडेनऊशे. एकशे नऊ असला तर हजारावर तीस. कंपनीने तुमच्या गाडीला जो आकडा दिला असेल त्याच्या वर चढा, खुशाल चढा, पण खाली उतरायचं नाही. दुकानात त्याने पाटीच लावलीय, मराठीत आणि गुजरातीत: ‘कंपनीच्या आकड्याखालचा टायर मिळणार नाही. वाद घालू नये.’

वाद घालायला येणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. सुरतेत हल्ली डोंगर चढणाऱ्या गाड्यांचं पीक आलंय. डोंगर कुठाय विचाराल तर जवळपास एकही नाही. कतारगामचे हिरेवाले शेठ ही चारही चाकांनी ओढणारी धिप्पाड गाडी घेतात आणि ती चढते कुठे, तर मॉलच्या पार्किंगच्या उतारावर. चिखल तिने पाहिलेला असतो तो धुलाईवाल्याच्या दारातला. पण टायर मात्र असे हवेत की बघणाऱ्याला वाटावं शेठ आत्ताच जंगलातून वाघ मारून आले. एकाला भटूने समजावलं की हा टायर अठ्ठ्याण्णवचा आहे. त्या शेठला वाटलं अठ्ठ्याण्णव किलो. तो घाबरून म्हणाला, मग माझी बायको कुठे बसवू? ही गोष्ट भटूने सहा महिने सगळ्या रस्त्याला सांगितली, आणि दर वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. घरी सांगितली तेव्हा रंजना हसली नाही. तिने पोळी उलटली.

तर असा हा आकड्यांचा पंडित. आणि पंडितांचं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

भटूच्या भाऊकीचे कारभारी म्हणजे लोटू आप्पा. भटूचे चुलतभाऊ, वयाने वीस वर्षांनी मोठे. त्यांनीच भटूला गावाहून आणून पहिल्या लूमवर उभं केलं. आज आप्पांचे स्वतःचे अठ्ठेचाळीस लूम आहेत, पोट आहे आणि भाऊकीत त्यांचा शब्द खाली पडत नाही. पडला तरी कुणीतरी वाकून उचलून देतो. बहुतेक वेळा भटूच.

दर श्रावणात ही सगळी भाऊकी गावी जाते, कानबाईला. खानदेशी माणसाला दिवाळी चुकली तर चालते, कानबाई चुकून चालत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरात बसते, आणि मुंबई-सुरत-नाशिक जिथे असतील तिथून भाऊबंद एका चुलीवर जेवायला येतात. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. यांच्या भाऊकीची रीत अशी की घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या करायच्या आणि भाऊकीतच खायच्या. मोजणी फक्त पुरुषांची. पोरगा पाळण्यात असला तरी त्याची सव्वा मूठ पडते. त्याच्या आईची पडत नाही. तिने ते गहू दळायचे असतात.

आता गावाच्या अलीकडे एक नाला आहे. मागच्या श्रावणात आप्पांची नेहमीची गाडी त्यात रुतली आणि एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून ती ओढून काढली. ट्रॅक्टर नेमका त्या घराचा, ज्यांच्याशी आप्पांचं बांधावरून तीस वर्षं वाकडं. साऱ्या गावाने बघितलं. आप्पांचं नाक कापलं गेलं ते गेलंच. सुरतेला आल्यावर त्यांनी एका बिल्डरची जुनी फोर बाय फोर घेतली. नऊ जणांची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली. गाडी चांगली होती. कंपनीचे एकशे सहाचे साधे, गुळगुळीत चेहऱ्याचे टायरही ठीक होते. पण तेच आप्पांना खुपत होते. नाला ओलांडायचा तो सगळ्या गावाच्या डोळ्यांत भरेल असा ओलांडायचा होता.

कानबाईच्या आठ दिवस आधी आप्पा मुलाला, शुभमला, घेऊन दुकानात आले. भटूने खुर्ची पुसली, चहा मागवला. आप्पांनी चहाकडे बघितलंही नाही. त्यांची नजर कोपऱ्यातल्या चार टायरांवर खिळली होती. दातेरी, फुगीर, बाजूला पांढरी अक्षरं. कतारगामच्या कुण्या शेठने आपल्या हलक्या, दोन दरवाज्यांच्या गाडीसाठी मागवले होते आणि नंतर त्याचं मन बदललं होतं. शुभमने मोबाइलवर अशाच टायरांची गाडी नदीतून उड्या मारताना दाखवली. आप्पा म्हणाले, हेच लाव.

भटू म्हणाला, हे अठ्ठ्याण्णवचे आहेत, तुमच्या गाडीला एकशे सहा लागतात, मी तुम्हाला एकशे नऊचे देतो, रूप साधं आहे पण दगड आहेत. आप्पांनी एकशे नऊचे टायर बघितले आणि नाक मुरडलं. असले तर पाण्याच्या टँकरला असतात म्हणाले. भटूने पाटीकडे बोट केलं. आप्पांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि मग शांतपणे म्हणाले की ही पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे की भावासाठी?

हा प्रश्न नव्हता, हे भटूला कळलं. ज्याने पहिल्या लूमवर उभं केलं त्या माणसाला पाटी दाखवायची नसते. तरी तो थोडा अडून बसला, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. कारण शनिवारी त्याच गाडीतून रंजना आणि शीतलही गावी जाणार होत्या. दुकान शनिवारी बंद ठेवता येत नव्हतं म्हणून तो स्वतः संध्याकाळच्या बसने मागून जाणार होता. आपली माणसं ज्या गाडीत बसणार तिच्यात चूक नको, हे त्याच्या मनात होतं. म्हणून तो म्हणाला, मी हिशोब करून बघतो, बसला तर लावतो. गाडीत माणसं किती?

आप्पांनी डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायला सुरुवात केली, रोटाचे गहू मोजताना फिरवतात अगदी तसा. मी, शुभम, योगराज, वाल्मिक, रामदास. “पाच,” ते म्हणाले.

भटूने पुठ्ठ्यावर लिहिलं, पाच. गाडीचं वजन एकोणीसशे. पाच माणसांचं पावणेचारशे. सामान धरा दीडशे. मागच्या चाकांवर जास्त भार येतो म्हणून तेवढा जास्त धरला. मागच्या एका टायरवर येत होते सातशे पंचवीसच्या आसपास, आणि टायर पेलणार साडेसातशे. भटूने दोनदा ताडून बघितलं. बसत होतं. अगदी काठावर, पण बसत होतं. त्याला हायसं वाटलं. भाऊही राहिला आणि आकडाही राहिला. त्याने स्वतःच्या हाताने ते चारही टायर चढवले, आणि आप्पा गेल्यावर रंजनाला फोन करून सांगितलं की तुमच्यासाठी पक्का हिशोब करून टायर घातलेत, काळजी करू नको.

म्हणजे ज्या बाईला फोन केला, तीच हिशोबात नव्हती. आणि हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तसं ते त्याच्या बापाच्याही लक्षात आलं नसतं, आणि आजाच्याही. या भाऊकीत ‘माणसं किती’ विचारलं की बोटं आपोआप पुरुषांवरून फिरतात. त्याला कुणी दुष्टपणा म्हणणार नाही. सवय म्हणतील. सवयीचं एक बरं असतं, तिला कुणी जाब विचारत नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता गोडादऱ्याच्या गल्लीत गाडी उभी राहिली. सगळी गल्ली बघायला आली. मागच्या काचेवर शुभमने ‘कानबाई माता प्रसन्न’ रंगवून घेतलं होतं, आणि ती अक्षरं झाकली जातात म्हणून मागे लटकणारं जादाचं चाक काढून घरी ठेवलं होतं. भटू रंजनाची पिशवी घेऊन आला तेव्हा गाडी भरायचं काम चालू होतं. टपावर साड्यांचे पार्सल चढत होते. गावात प्रत्येक घरी एक साडी द्यायची, अशी आप्पांची हौस. हौसेला मोल नाही हे खरं, पण तिचं वजन असतं. अकरा पार्सलं, शिवाय पातेली, गॅसची शेगडी, गव्हाचं पोतं आणि एक मोठा स्पीकर.

मग माणसं चढू लागली. पुढे आप्पा आणि चालवायला शुभम. मधल्या सीटवर बाकीचे तिघे भाऊबंद, पाय पसरून. आणि मागच्या चार जणांच्या जागेत आप्पांची बायको मंगलाबाई, म्हातारी भागीरथीकाकू, तिघांच्या तीन बायका, मग रंजना, मग योगराजच्या दोन लहान मुली एकमेकींच्या मांडीवर, आणि दाराशी शीतल. सहा बाया, तीन पोरी. भटूने मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने बाया मोजल्या असतील. नऊ. आणि पुढे पाच. गाडी मागून खाली बसली होती आणि त्या झोकदार टायरांची पोटं जमिनीवर पसरली होती.

तो पुढच्या खिडकीशी गेला आणि हळूच म्हणाला, “आप्पा, मी पाच माणसं धरली होती.”

आप्पांनी मागे वळून एकदा बघितलं आणि त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. “पाचच तर आहेत,” ते म्हणाले. “बाकी बायापोरी.”

आता इथे माणसाने काय करायला हवं होतं? गाडीसमोर आडवं पडायला हवं होतं. निदान सामान उतरवा म्हणायला हवं होतं. निदान माझ्या दोघी उतरतील, संध्याकाळी माझ्याबरोबर येतील, एवढं तरी. पण सगळी गल्ली बघत होती, आणि हिशोब चुकला म्हणजे भटूचा चुकला, हे सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं. सहा महिने कतारगामच्या शेठला हसलेल्या माणसाला ते जड गेलं. तो मागे गेला. रंजनाने आतून, बायकांच्या खांद्यांमधून त्याच्याकडे बघून विचारलं की ठीक आहे ना सगळं? आणि भटूने मान हलवली. ठीक आहे म्हणून. दार लागलं, जयघोष झाला, गाडी गेली.

दुकानात येऊन त्याने पहिलं काम केलं ते तो पुठ्ठा शोधायचं. पाचावर काट मारून चौदा लिहिलं. बाया धरल्या, पोरी धरल्या, टप धरला. मागच्या एकेका टायरवर हजार किलोच्या वर जात होते. टायर साडेसातशेचा. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. खरं सांगायचं तर एवढ्या भाराला कुठलाच टायर बरोबर नव्हता, दुसरी गाडी हवी होती. असा टायर लगेच फुटत नाही. तो आधी दबतो, मग तापतो, आणि चांगला रस्ता मिळाला आणि वेग वाढला की मग फुटतो. भटूने ही गोष्ट दोनशे गिऱ्हाइकांना सांगितली असेल.

त्याने आप्पांना फोन लावला. उचलला नाही. शुभमला लावला, तिकडे गाणी इतकी मोठ्याने चालू होती की शुभमला फक्त ‘भटूकाका’ एवढंच कळलं. मग रंजनाला लावला. ती म्हणाली, गाडी मागून पाळण्यासारखी हलतेय, आणि काहीतरी जळल्यासारखा वास येतोय. भटू म्हणाला, गाडी थांबव, आत्ताच्या आत्ता थांबवायला सांग. आप्पा रंजनाचे जेठ, म्हणजे थोरले दीर. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण त्यांच्याशी ती आजवर एक शब्द समोरासमोर बोललेली नव्हती. डोक्यावर पदर आणि खाली नजर, हीच रीत. तिने मंगलाबाईच्या कानात सांगितलं. मंगलाबाईने पुढच्या सीटकडे सांगितलं. पुढून हसण्याचा आवाज आला, आणि निरोप उलटा मागे आला की भटूने स्वतःच तर हिशोब केलाय. फोन कट झाला.

भटूने दुकानाचं शटर ओढलं. एकशे नऊचे दोन टायर रिमवर चढवून घेतले, जॅक घेतला, आणि सोनगडकडे माल घेऊन निघालेल्या एका ओळखीच्या टेम्पोत बसला. मागची चाकं बदलू, निम्मी माणसं बसने पाठवू, असा विचार करत होता. बारडोलीपर्यंत त्याने अकरा वेळा फोन केला. बारडोली सुटली आणि त्यालाच फोन आला. शुभम होता. गाणी बंद झाली होती.

व्याऱ्याच्या पुढे, सोनगडच्या अलीकडे, मागचा डावा टायर फुटला. गाडी लहरली, रस्ता सोडून चरीत उतरली आणि एका बाभळीला टेकून थांबली. बाभळीचे उपकार. भटू पोचला तेव्हा पाचही पुरुष फुटलेल्या टायरभोवती उभे होते. दहनाला जमतात तसे गंभीर. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. बायका थोड्या अंतरावर सावलीत बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये शीतल. दार उघडून ती बाहेर फेकली गेली होती. तिचं मनगट सुजून वाकडं झालं होतं, रंजनाने ते ओढणीत बांधून गळ्यात अडकवलं होतं. पोरगी रडत नव्हती. ओठ पांढरे पडले होते.

रंजनाला तिला लगेच व्याऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पण आप्पांचं म्हणणं पडलं होतं की मुरगळलं असेल, भटू टायर घेऊन येतोच आहे, चाक बसलं की सगळेच जाऊ, बायकांनी रस्त्यावर धावाधाव करायची नाही. त्यामुळे पोरगी पाऊण तास तशीच बसली होती. भटू दिसताच आप्पांनी निकालही देऊन टाकला. बायकांनी सामान फार भरलं. टपावरची अकरा पार्सलं कुणाची, हे कुणी विचारलं नाही. ती गवतात पडली होती, आणि एक फाटून त्यातल्या गुलाबी साड्या बाभळीला लागल्या होत्या.

भटू पुरुषांपाशी थांबला नाही. सरळ लेकीजवळ गेला आणि खाली बसला. तिच्या हाताला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही. रंजना त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“कितला माणसं धरात तुम्ही?” तिने विचारलं.

“पाच.”

“कोन कोन?”

त्याने नावं सांगितली. आप्पा, शुभम, योगराज, वाल्मिक, रामदास. सांगता सांगता आवाज लहान होत गेला. ती शेवटपर्यंत ऐकून थांबली, जणू यादी अजून संपायची आहे.

“आनि शीतल?”

हजार गिऱ्हाइकांना हजार आकडे तोंडपाठ सांगणारा माणूस स्वतःच्या पोरीचं वजन सांगू शकला नाही. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याने ते कधी धरलंच नव्हतं. त्याला रडू आलं, आणि सगळ्यांसमोर आलं, आणि ते त्याने पुसलंही नाही.

तिकडून आप्पांची हाक आली. चाक चढव लवकर, संध्याकाळच्या आत नाला गाठायचाय. भटू उठला. हाताला सवय होती, हात काम करत गेले. त्याने मागची दोन्ही चाकं बदलली. गाडी सरळ झाली तसे आप्पा खुलले आणि बायकांना म्हणाले, चला बसा, थोडं सामान इथे एखाद्या ढाब्यावर ठेवू.

कुणी उठलं नाही.

मग मंगलाबाई उठली. आप्पांची बायको, तीस वर्षं त्यांच्या घरात, आणि भाऊबंदांसमोर तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. काहींना वाटायचं तिला बोलताच येत नसावं. तिने आधी गव्हाचं पोतं फरफटत गाडीपर्यंत नेलं आणि आत ढकललं. मग नवऱ्याकडे बघून, पदर सारखा करत म्हणाली, “मोजेल पाच शेतस ना, त्याच जावोत. रोट बी त्यासनाच शे. त्याच दळतीन, त्याच रांधतीन.”

एवढंच. ज्यांना मोजलंय त्यांनी जावं, रोट त्यांचा आहे, दळणं-रांधणंही त्यांचंच. आप्पा हसायला लागले, कारण ही चेष्टाच असणार असं त्यांना वाटलं. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं. म्हणाले, कानबाईला काय वाटेल. मंगलाबाई शीतलच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि तिच्या मागे एकेक करून बाकीच्या.

शेवटी पाच पुरुष गाडीत बसले. पाच माणसं आणि मागच्या चाकांना एकशे नऊचे टायर. इतकी निवांत गाडी त्या रस्त्याने कधी गेली नसेल. आप्पांनी पुढचं दार उघडून भटूला खूण केली, ये, बस. सगळ्या आयुष्यात आप्पांनी बोलावलं आणि भटू गेला नाही असं झालं नव्हतं. आज तो जागचा हलला नाही. आप्पांनी दार आपटलं. गाडी गेली, ती उद्या पुरण कुणी वाटायचं या काळजीत.

व्याऱ्याकडे जाणारी एसटी रंजनाने हात करून थांबवली. बायका चढल्या, पोरी चढल्या, म्हातारीला वर ओढून घेतलं. भटू सर्वांच्या मागून चढला. कंडक्टर गुजराती, घाईत होता. “केटला?” त्याने विचारलं.

रंजनाने बोट उचललं आणि एकेकीच्या डोक्यावरून फिरवत मोठ्याने मोजलं. भागीरथीकाकू, मंगलाबाई, तिघी जावा, योगराजच्या दोन पोरी, स्वतः. शीतलच्या डोक्यावर तिने हात ठेवला आणि तिथेच थांबली. “नऊ,” ती म्हणाली.

कंडक्टरने मशीन भटूकडे केलं आणि विचारलं, आणि हे भाई? रंजना खिडकीबाहेर बघत म्हणाली, “त्यांचं त्यांना विचारा.”

भटूने वेगळं तिकीट काढलं आणि व्यारा येईपर्यंत दांडा धरून उभा राहिला. बस निम्मी रिकामी होती. पण त्याला कुणी बस म्हटलं नाही.